सोलापूरच्या उन्हात ९५ आणि १०० ऑक्टेनचे दोन मॅप

एकाच गाडीच्या ईसीयूसाठी (इंजिन चालवणाऱ्या संगणकासाठी) ९५ आणि १०० ऑक्टेनचे दोन वेगळे मॅप, म्हणजे स्पार्क, दाब आणि इंधन ठरवणाऱ्या तक्त्यांच्या फाईली, तयार करायचे काम आम्ही मे महिन्यात सोलापुरात केले. गाडी एक लिटरची, तीन सिलिंडर, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन, कॉम्प्रेशन १०.५ ला १, गिअरबॉक्स सहा गिअरचा मॅन्युअल. महिना मुद्दाम निवडला होता. मे महिन्यात दुपारी तीनला इथे जो मॅप टिकतो तो वर्षभर टिकतो. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीच्या गार सकाळी जमवलेला मॅप उन्हाळ्यात हमखास नॉकिंग (ज्योत पोहोचण्याआधीच मिश्रण आपणहून पेटणे) देतो.

ऑक्टेनबद्दलचा एक गैरसमज आधी काढून टाकायला हवा. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद नसते. ते दाब आणि उष्णता जास्त सोसते, स्पार्क पडण्याआधी किंवा ज्योत पोहोचण्याआधी आपणहून पेटत नाही, एवढेच. ताकद मिळते ती स्पार्क लवकर देता आला आणि टर्बोचा दाब वाढवता आला म्हणून. मॅप तोच ठेवून नुसते १०० ऑक्टेन भरले तर मूळ टायमिंगवरच, म्हणजे स्पार्क पडण्याच्या मूळ वेळेवरच, गाडी चालत राहते. फार तर नॉक सेन्सरने (नॉकिंगचा आवाज ऐकणाऱ्या सेन्सरने) उन्हात मागे खेचलेले टायमिंगचे अंश परत मिळतात.

आकडा कोणत्या मोजणीतला आहे तेही बघावे लागते. आपल्या पंपावरचा आकडा आरओएनचा (हलक्या परिस्थितीतल्या मोजणीचा) असतो. अमेरिकेत आरओएन आणि एमओएन (कठोर परिस्थितीतली मोजणी) यांची सरासरी लिहितात, म्हणून तिथले ९३ म्हणजे आपले साधारण ९८. इंटरनेटवरून मिळालेली ‘९१ ची फाईल’ आपल्या ९१ साठी असते असे समजून गाडीत टाकली की पिस्टनची वाट लागते, कारण ती जवळपास ९६ आरओएन धरून बनवलेली असते.

सध्या साध्या नोझलमधून ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) येते आणि पेट्रोलियम मंत्रालय त्याला ९५ आरओएन धरते. आधीचे बीएस-सिक्स साधे पेट्रोल ९१ चे होते. शुद्ध इथेनॉलचा आरओएन १०८ च्या आसपास, त्यामुळे आकडा वर गेला. वर प्रीमियम प्रकार आहेतच. इंडियन ऑइलने एक्सपी१०० हे १०० ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आणले. ते प्रत्येक पंपावर नसते, म्हणून १०० चा मॅप बनवण्याआधी ते पेट्रोल कायम मिळेल का याची खात्री करावी. ई२० ला नावे ठेवणारे खूप भेटतात आणि ॲव्हरेज घटते ही तक्रार खरीच आहे. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात ट्यूनिंगसाठी ई२० चांगले इंधन आहे हे आम्ही ठामपणे सांगू. इथेनॉलची वाफ होताना ते पेट्रोलच्या अडीचपट उष्णता ओढून घेते आणि हे सगळे थेट सिलिंडरात घडते. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीत तयार होणारी ही वस्तू इंजिनाला आतून गार ठेवते.

टाकीत नेमके काय आहे हे मोजल्याशिवाय आम्ही लॅपटॉप उघडत नाही. १०० मिलिलिटरचा काचेचा मोजपात्र नळा घ्यायचा, १० च्या रेघेपर्यंत पाणी, त्यावर १०० पर्यंत पेट्रोल. बूच लावून मिनिटभर हलवायचे, मधे एकदा बूच सैल करून वाफ सोडायची, मग सरळ उभा ठेवायचा. पाच-दहा मिनिटांत खाली पाण्याचा थर बसतो. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, म्हणून थर १० वर राहत नाही. आमचा थर २७ आणि २८ च्या मधे थांबला. ९० मिलिलिटर पेट्रोलमधून साडेसतरा उतरले, म्हणजे इथेनॉल १९ टक्क्यांच्या जवळपास. प्रीमियमच्या नमुन्याचा थर दहाच्या रेघेवरच राहिला, त्यात इथेनॉल नव्हते. हे काम उघड्यावर, सावलीत, आसपास ठिणगी नसताना करावे आणि तो नमुना परत टाकीत ओतू नये.

या चाचणीचा थेट उपयोग हवा-इंधनाच्या मिश्रणासाठी होतो. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२० ला साधारण १३.५. तेवढ्याच हवेसाठी इंधन आठ-नऊ टक्के जास्त जावे लागते. ई१० धरून बसवलेल्या गाडीत ई२० भरले की लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने शिकून धरलेली इंधनाची भरपाई) चार-पाच टक्के वर सरकते. स्कॅनरवर हा आकडा बघून अनेक जण व्हॅक्यूम लीक शोधत बसतात, इनटेक खोलतात. लीक असेल तर ट्रिम आयडलला जास्त आणि रेसवर कमी दिसते. इंधनामुळे असेल तर सगळीकडे सारखीच सरकलेली असते. वाइडबँड मीटरवर (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या मीटरवर) आकडा नेहमी लॅम्डामध्ये लावावा. इंधन कोणतेही असो, लॅम्डा १ म्हणजे नेमकी पुरेशी हवा, त्याखाली इंधन जास्त. हवा-इंधनाचे गुणोत्तर लावले तर मीटर मनाने १४.७ धरून चालतो आणि ई२० वर घोटाळा होतो.

मॅपला हात लावण्याआधी गाडी तपासली. तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या दहा टक्क्यांत, इंटरकूलरच्या (टर्बोने तापवलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपांवर दाब देऊन साबणाच्या पाण्याने गळती, एअर फिल्टर, कूलंट. प्लग बदलले. एक पायरी थंड प्रकृतीचे (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घेतले आणि गॅप ०.८ वरून ०.६५ मिलिमीटर केला, कारण दाब वाढला की ठिणगीला मोठी फट ओलांडता येत नाही आणि वरच्या आरपीएमला मिसफायर येतो. इथे एक चूक हमखास होते. एनजीकेच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे गरम. आकडा बघून उलटा प्लग आला तर तो प्लगच मिश्रण पेटवायला लागतो. नॉक सेन्सरचा बोल्ट टॉर्क रेंचने २० न्यूटन-मीटरवर आवळला. तो सैल असेल तर सेन्सरला ऐकू येत नाही, जास्त आवळला तरी ऐकणे बिघडते. ऑइल एपीआय एसपी दर्जाचे भरले, त्याचे कारण पुढे येईल.

मूळ फाईल ईसीयू टेबलावर काढून पूर्ण वाचली आणि दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवली. पुढचे लिहिणे ओबीडी पोर्टमधून (गाडीच्या निदानाच्या सॉकेटमधून). लिहिताना बॅटरीचा दाब १३.५ व्होल्टच्या खाली येता कामा नये, म्हणून साधा ट्रिकल चार्जर चालत नाही, ३०-४० अँपिअर सलग देणारा स्थिर सप्लाय लागतो. सोलापुरात यात एक खास अडचण येते. मे महिन्यात बोनेटखाली इंजिन तासभर गरमच राहते. इग्निशन चालू करून लिहायला सुरुवात केली की मधेच रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि २०-२५ अँपिअर ओढतो. व्होल्टेज कोसळते, लिहिणे अर्धवट राहते आणि ईसीयू उत्तर देणे बंद करतो. मग तो परत खोलून बूट मोडने (थेट चिपशी जोडून) जिवंत करावा लागतो. कूलंट ६० अंशांच्या खाली आल्याशिवाय आम्ही लिहीत नाही. एसी, दिवे, ब्लोअर बंद. प्रत्येक वेळी चेकसम (फाईल बिनचूक उतरली का हे सांगणारा ताळा) जुळला का ते बघायचे.

लॉगसाठी (चालत्या गाडीच्या आकड्यांच्या नोंदीसाठी) रोलर डायनो, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारे यंत्र, हाताशी नसेल तर रस्ता एकच ठरवावा. आम्ही पुणे महामार्गावर मोहोळच्या दिशेचा सपाट टप्पा धरला. तिसरा गिअर, १,८०० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल, १०० किलोमीटरच्या वेगाच्या आत सोडून द्यायचे. प्रत्येक फेरी त्याच दिशेने, कारण उलट वारा असला की लोड बदलतो. शेजारी बसणारा लॅपटॉप सांभाळतो, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचे नाही. सलग तीन फेऱ्या, मधे दोन मिनिटे शांत चालवणे. आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान, प्रत्येक सिलिंडरचा ॲडव्हान्स (स्पार्क किती अंश आधी) आणि रिटार्ड (नॉकमुळे किती अंश मागे), लॅम्डा, रेलचा (इंजेक्टरना जाणाऱ्या इंधनाचा) दाब, वेस्टगेटची (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची) ड्युटी एवढे रकाने घेतले. जास्त घेतले तर नोंदी विरळ येतात आणि नॉकचा क्षण दोन ओळींच्या मधे हरवतो. सेकंदाला किमान दहा नोंदी हव्यात.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५८ मीटरवर आहे. इथला हवेचा दाब १०१ नसून ९६ किलोपास्कलच्या आसपास असतो. मुंबईत १८० किलोपास्कल निरपेक्ष दाब मिळवायला टर्बोला हवा १.७८ पट दाबावी लागते, इथे १.८८ पट. म्हणजे तोच आकडा गाठायला इथला टर्बो जास्त फिरतो आणि हवा जास्त तापवतो. किनाऱ्यावर जमलेली फाईल इथे जशीच्या तशी चालत नाही ती यामुळे. वेस्टगेटची ड्युटी ९० टक्क्यांवर जाऊन बसली असेल तर टर्बोची ताकद संपली आहे, पुढे दाब मागू नये.

आता ९५ चा मॅप. काम फक्त इग्निशनच्या तक्त्यात भागत नाही. अलीकडचे ईसीयू टॉर्कच्या हिशेबाने चालतात. पेडलने किती टॉर्क मागितला, त्याला किती हवा भरायची, ती किती दाबाने, त्या भरणीला किती ॲडव्हान्स, अशी साखळी असते आणि वर मर्यादांचे तक्ते असतात. एकच कडी वाढवली तर दुसरी मर्यादा थ्रॉटल मिटवते आणि फुल रेसवरही गाडी ओढत नाही. आम्ही सर्वोच्च दाब १८० किलोपास्कल ठेवला, ५,००० आरपीएमच्या पुढे उतरता. लॅम्डा ३,००० ला ०.८८, ५,००० च्या वर ०.८४. २,००० च्या खाली टॉर्क मुळीच वाढवला नाही. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत कमी आरपीएम आणि जास्त लोडवर ऑइलचे थेंब मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटवतात. हे प्री-इग्निशन नॉकपेक्षा वेगळे आणि कितीतरी घातक असते. एका झटक्यात पिस्टनची रिंगपट्टी तुटते. ऑक्टेन वाढवून ते थांबेलच असे नाही आणि ते घडल्यावर टायमिंग मागे घेऊनही उपयोग नसतो. एपीआय एसपी ऑइल त्यासाठी होते.

पहिली फाईल सकाळी साडेपाचला तपासली. बाहेर २७ अंश, आत येणारी हवा ४१ अंश. लॉग स्वच्छ, एखाद्या सिलिंडरला पाऊण अंश रिटार्ड. हीच फाईल पक्की धरून गाडी देणारे असतात. त्याच दिवशी दुपारी तीनला, बाहेर ४१ अंश असताना, त्याच टप्प्यावरची एक ओळ अशी होती. ३,१०० आरपीएम, दाब १७८, आत येणारी हवा ६२ अंश, मागितलेला ॲडव्हान्स ९ अंश. प्रत्यक्ष मिळालेला: पहिल्या सिलिंडरला ७.५, दुसऱ्याला ५.२५, तिसऱ्याला ७.५. मधला सिलिंडर दोन्ही बाजूंनी तापतो, म्हणून त्याला पावणेचार अंश सोडावे लागले. फाईलमध्ये काहीच बदल नव्हता, पेट्रोल तेच होते. नुसत्या उन्हाने ऑक्टेनची कमाई खाऊन टाकली.

यावर सगळा तक्ता खाली आणणे हा आळशी उपाय आहे, त्याने वर्षाचे दहा महिने नुकसान होते. दुरुस्ती हवेच्या तापमानाच्या तक्त्यात करायची. ४५ अंशांपर्यंत काही नाही, ५५ ला दीड अंश वजा, ६५ ला तीन, ७५ ला सव्वापाच. शिवाय ६५ च्या पुढे मागितलेला दाब १० किलोपास्कलने कमी. मुख्य तक्त्यात फक्त २,८०० ते ३,६०० च्या पट्ट्यात पाऊण अंश काढला. दुसऱ्या दुपारी दुसऱ्या सिलिंडरचा रिटार्ड दीड अंशावर आला, बाकी दोन शून्य ते पाऊण. आम्ही हद्द अशी मानतो: अधूनमधून सव्वादोन चालेल, त्याच जागी सलग तीन फेऱ्यांत तीन दिसले तर टायमिंग काढायचे. नॉक सेन्सर अपघात टाळण्यासाठी आहे, रोजचा हिशेब त्याच्यावर टाकू नये. शिवाय टायमिंग मागे गेले की ज्वलन उशिरा संपते, एक्झॉस्ट तापतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर व टर्बोचे चाक भाजून निघते.

रिटार्ड दिसला म्हणजे नॉक आहेच असेही नाही. या गाडीत ४,२०० ला तिन्ही सिलिंडर एकदम सव्वादोन अंश मागे जायचे. अशा वेळी त्या पट्ट्यात मुद्दाम तीन अंश कमी करून परत फेरी मारायची. खरा नॉक असेल तर रिटार्ड नाहीसा होतो. इथे तो तसाच राहिला. एक्झॉस्टच्या उष्णता-पत्र्याचा एक बोल्ट निघाला होता आणि पत्रा त्याच आरपीएमला थरथरत होता. सेन्सर या आकाराच्या सिलिंडरात सात-साडेसात किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज ऐकायला बसवलेला असतो, पत्र्याच्या खडखडीतही त्या पट्टीचा आवाज सापडतो. बोल्ट लावला, आकडे शून्यावर आले.

सपाट रस्त्यावर भागले तरी घाट हवाच. तुळजापूर घाट भर दुपारी एसी लावून, गाडीत चार माणसे बसवून चढलो. सलग लोडवर इंटरकूलर उष्णतेने भरून येतो आणि हवा ७० च्या पुढे जाते. काही सेकंदांच्या फेरीत हे कधीच दिसत नाही.

मग १०० चा मॅप. टाकी दिवा लागेपर्यंत रिकामी केली, ३० लिटर भरले. तळाला ६-७ लिटर ९५ उरते, म्हणजे हिशेबाने ९९ च्या आसपास. त्यात इथेनॉल जेमतेम चार टक्के, त्यामुळे लाँग टर्म ट्रिम सात टक्के खाली गेली. २० किलोमीटर शांत चालवून ती बसू दिली आणि मगच लॉग घेतले. दाब १९५ केला. ॲडव्हान्स पाऊण-पाऊण अंशाने चढवत नेला आणि प्रत्येक पायरीला २,५०० ते ४,५०० आरपीएमला लागलेला वेळ लिहिला. मूळ फाईलला ५.० सेकंद, आमच्या ९५ ला ४.६. १०० वर दीड अंश वाढवल्यावर ४.४, सव्वादोनवर ४.३, तीनवरही ४.३. नॉक तीनवरही नव्हता, तरी तिथून मागे येऊन सव्वादोनवर थांबलो. वेळ घटत नसेल तर पुढचा प्रत्येक अंश फक्त सिलिंडरातला दाब वाढवतो आणि उन्हासाठी ठेवलेली शिल्लक खातो. नॉक येईपर्यंत चढवत जायचे आणि एक अंश मागे यायचे, ही रीत कमी ऑक्टेनवर ठीक आहे. १०० वर तिच्यावर विसंबू नये.

रेलचा दाब इथे लक्ष देऊन बघितला. मागितलेल्या २०० बारला वरच्या आरपीएमला १९६ मिळत होते, ते ठीक. दहा-पंधरा बारने पडत असेल तर पंप पुरत नाही, मिश्रण पातळ होते आणि कितीही ऑक्टेन भरले तरी नॉक येतो. ई२० वर ही अडचण आधी दिसते, कारण इंधनच जास्त जाते.

दोन्ही फाईली तयार झाल्यावर बदलायचा क्रम महत्त्वाचा. १०० वरून ९५ वर येताना आधी मॅप बदलायचा, मग पंपावर जायचे. टाकीत १५ लिटर १०० चे असताना २५ लिटर ९५ भरले तर मिश्रण ९७ च्या खाली येते आणि १०० चा मॅप त्याला झेपत नाही. ९५ वरून १०० वर जाताना उलट, टाकी भरून, २० किलोमीटर चालवून, मग मॅप. बाहेरगावी निघताना, विशेषतः विजयपूर किंवा तुळजापूरच्या पुढे, ९५ चाच मॅप ठेवावा.

पंपावर मिळणाऱ्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांवर ‘२० पॉइंट’ लिहिलेले असते. एक पॉइंट म्हणजे ०.१ आरओएन, म्हणजे २० पॉइंटला दोन. मँगनीजवाल्या बूस्टरने प्लगच्या पोर्सेलिनवर तांबूस थर बसतो. त्याच्या भरवशावर मॅप बनवू नये. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले तर ई२० मधले इथेनॉल पाण्यासकट खाली बसते आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर अचानक रिटार्ड वाढला तर आधी मोजपात्र काढावे.

वॉरंटी यातून जाते आणि मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करते, हे गाडीमालकाला काम धरण्याआधीच सांगितले होते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि त्याच्या सेन्सरचे निदान आम्ही बंद करत नाही, पीयूसी मूळ मर्यादेतच यायला हवी.

हजार किलोमीटरनंतर प्लग काढून भिंगाखाली बघितले. पहिला आणि तिसरा स्वच्छ, फिकट बदामी. दुसऱ्याच्या पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे बारीक ठिपके होते. चमकणारे कण नव्हते, म्हणजे पिस्टनचे ॲल्युमिनियम सुटलेले नाही, पण मधला सिलिंडर नॉकच्या काठावर आहे. त्या सिलिंडरच्या दुरुस्तीच्या तक्त्यात दोन्ही मॅपमध्ये २,६०० ते ३,८०० दरम्यान आणखी पाऊण अंश काढला, नवे प्लग त्याच ०.६५ गॅपने बसवले आणि गाडी पुन्हा दुपारी तीनच्या फेरीला नेली. ३,१०० च्या ओळीत या वेळी तिन्ही सिलिंडरसमोर शून्य होते.